घरी केलेले साबण जवानांना पाठवायचे आहेत, साताऱ्यातून कसे पाठवता येतील?

मंजू_शाहूपुरी

नमस्कार मंडळी,

आमचा भिशीचा ग्रुप आहे. भिशीत नुसतं खाऊन-पिऊन कंटाळा आला म्हणून साबण करायला लागलो आणि आता ते वेडच लागलंय. प्रमाण असं: एक किलो तेलात ४०० ग्रॅम खोबरेल, ५०० शेंगदाणा (घाण्याचं) आणि १०० एरंडेल. त्याला १४६ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३०० ग्रॅम पाणी. हळद, कडुनिंब, मुलतानी माती असे प्रकार करतो. एका घाण्यात डझनभर वड्या पडतात.

सगळ्या नातेवाइकांना देऊन झाले. आता साबणाचं नाव काढलं की जाऊबाई विषय बदलतात. :) माळ्यावर वड्यांची चळत लागली आहे. विकायचा विचार नाही. साताऱ्यात गल्लीगल्लीत फौजी आहेत, ७ डिसेंबरला ध्वजदिन येतोय, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या मनात आलं की जवानांना पाठवावेत.

पत्ता काय घालायचा? पोस्ट घेतं का? कुणी पाठवलेत का आधी? तिकडे जमणार नसेल तर इथल्या एखाद्या संस्थेचं सुचवा.

माणदेशी_गडी

झकास कल्पना ताई. माहिती काही नाही, पण धागा वाचतोय.

खवचट_पाहुणा

जाऊबाईंना नको झालेले साबण सीमेवर! जवानांनी आणखी काय काय सोसायचं?

मंजू_शाहूपुरी

पाहुणे, तुम्हाला एक वडी पाठवते. तोंड धुवायला.

निवृत्त_सुभेदार

ताई, भावना पोचली. आता जे आहे ते सांगतो, राग मानू नका.

फौजीला साबणाची ददात नसते. युनिटच्या कॅन्टीनमध्ये बाजारापेक्षा स्वस्त मिळतो. आमच्या वेळी पगारात 'सोप टॉयलेट अलाउन्स' म्हणून वेगळा भत्ताच होता. रक्कम बघून हसू येईल, पण होता. सातव्या वेतन आयोगानंतर तो, केस कापायचा भत्ता आणि असलेच बारीकसारीक भत्ते एकात घातले.

लोकांना वाटतं वर बर्फात पोरांना साबण मिळत नसेल. अहो, तिथं पाणीच नसतं. सियाचीनसारख्या ठाण्यावर बर्फ स्टोव्हवर वितळवायचा, त्यातून प्यायला आणि चहाला पाणी निघतं. आंघोळीचं नाव कुणी काढत नाही, तीन-तीन महिने तशीच जातात. तिथं अंग पुसायला बिनपाण्याचं काहीतरी लागतं, साबण नाही. तुमची हळदीची वडी पोचलीच तर पोरं एकमेकांना वास देतील, गावाकडची चौकशी निघेल आणि वडी पिठ्ठूच्या, म्हणजे पाठीवरच्या पिशवीच्या, तळाला जाईल.

पत्त्याचं म्हणाल तर ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे फौजेच्या टपालाचे पत्ते. पण त्यावर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट पाहिजे. नुसतं 'जवान, भारतीय सेना' लिहून पार्सल कुणाच्या हातात पडणार? आणि अनोळखी माणसाकडून आलेली, लेबल नसलेली, अंगाला लावायची वस्तू कुठलाही कंपनी कमांडर पोरांना वापरू देणार नाही. एकाला जरी अंगावर पुरळ उठलं तर जाब त्याला द्यायचाय. राख्या आणि शाळेतल्या पोरांची पत्रं येतात त्याचं वेगळं. ती आम्ही खिशात ठेवायचो.

तुमच्या ओळखीतलं कुणी छुट्टीवर आलं असेल तर परत जाताना त्याच्या ट्रंकेत दोन वड्या टाका. तेवढं पुरे.

अपशिंगेकर

सुभेदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत. आमचं गाव अपशिंगे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. घरटी एक तरी माणूस फौजेत. आणि आमच्याकडे गंगा उलटी वाहते: पेन्शनीत आलेले काका महिन्याला कॅन्टीनला जातात आणि साबण, पावडर, बिस्किटं आणून भाच्या-पुतण्यांत वाटतात. माझ्या लहानपणी घरात दुकानातला साबण आलेला मला आठवत नाही. फौजीला साबण देणं म्हणजे काशीला जाऊन गंगाजल विकण्यासारखं झालं.

मंजू_शाहूपुरी

सुभेदार काका, राग कशाचा, उलट बरं झालं आधी विचारलं. पण मग ध्वजदिनाला आपण सामान्य माणसांनी करायचं काय?

निवृत्त_सुभेदार

ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतो, पावती मिळते. तो पैसा युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी, जखमी होऊन आलेल्यांसाठी आणि माजी सैनिकांसाठी वापरतात. साबण द्यायचाच असेल तर सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं त्याच कार्यालयाच्या अखत्यारीत चालतात. तिथं जाऊन आधी विचारा. नेऊन टाकू नका, विचारा.

रसायनवाला

साबणाबद्दल बोलतो, माझा प्रांत आहे.

तुमचा हिशोब तपासला. खोबरेलाला ग्रॅममागे साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. म्हणजे ७३, ६८ आणि १३, एकूण १५४. त्यातून पाच टक्के कमी केले की १४६. चोख आहे, कुणीतरी नीट शिकवलंय. हे पाच टक्के कमी करणं महत्त्वाचं, कारण तेवढं तेल साबणात मोकळं राहतं आणि सोडा उरत नाही.

पण शेंगदाणा निम्मा म्हणजे फार झाला. वडी मऊ राहते आणि काही महिन्यांत खवट होते, वर नारिंगी ठिपके येतात. माळ्यावरच्या चळतीतली तळाची वडी काढून बघा. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर आणखी लवकर, हवेतला ओलावा शोषून वडीला घाम फुटतो. शेंगदाणा २०० वर आणा, पामतेल ३०० घाला आणि सोड्याचा हिशोब नव्यानं करा, कारण तेल बदललं की सोडा बदलतो.

हळदीचं एक. साबणातली हळद टॉवेलला आणि पांढऱ्या बनियनला लागते. वसतिगृहात द्याल तर पोरांच्या आया तुम्हाला शोधत येतील.

आता थोडं अवांतर. साबण आणि लढाई यांचं नातं जुनं आहे. तेलाचा साबण होताना ग्लिसरीन सुटतं आणि ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन बनतं, म्हणजे स्फोटकं. त्यामुळे पहिल्या महायुद्धात साबणाच्या कारखान्यांकडे सरकारांचं बारीक लक्ष असायचं. इकडे म्हैसूर संस्थानचं चंदन युद्धामुळे युरोपात जाईना, माल पडून राहिला, त्याचं तेल काढायला लागले आणि १९१६ मध्ये बंगळुरात सरकारी साबणाचा कारखाना निघाला. म्हैसूर सँडल तो हाच. तुमच्या माळ्यावरचा साठा बघून मला तेच आठवलं, फक्त इथं मालाला गिऱ्हाईक नाही.

खवचट_पाहुणा

म्हणजे ताईंच्या माळ्यावर दारूगोळा आहे. जाऊबाईंना कळवा कुणीतरी.

कायद्याचं_बोला

कुणी तरी हे बोलायला पाहिजे म्हणून बोलतो. अंगाचा साबण हा कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात पूर्वी 'साबण सोडून' अशी सवलत होती, ती १९८२ च्या दुरुस्तीत काढली. आता कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो. 'आम्ही विकत नाही, फुकट देतो' हा बचाव पुरत नाही, कारण कायद्यात विक्रीबरोबर वाटपाचाही उल्लेख आहे.

मावशीला दोन वड्या दिल्या म्हणून कुणी तुमच्या दारात येणार नाही. पण एखाद्या संस्थेत शे-दोनशे वड्या वाटल्या, फोटो टाकले आणि एका मुलाला त्रास झाला, तर संस्थेचा अधीक्षक अडचणीत येतो. म्हणूनच चांगल्या संस्था घरगुती साबण, क्रीम, तेल घ्यायला का-कू करतात. त्यांचा माज समजू नका.

बचत गट म्हणून मोठं काम करायचं असेल तर परवाना असलेल्या कारखान्यात लोन लायसन्सवर करून घेता येतो. हौशीसाठी ते झेपणारं नाही.

मंजू_शाहूपुरी

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या उत्साहाचा पार फेस केलात. :( बरं, मग बालाश्रम, वृद्धाश्रम, दवाखाना, काहीच नाही का?

सिस्टर_मिरज

दवाखान्याचं मी सांगते. वॉर्डात वडीचा साबण आम्ही नको म्हणतो. ओल्या डबीत बसून लिबलिबीत झालेली वडी पाच जणांनी वापरायची, हे हात धुण्याच्या हेतूलाच मारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या सूचनांतही आहे की वडी वापरायचीच तर लहान ठेवा आणि पाणी निथळेल अशा जाळीवर ठेवा. आम्ही पातळ साबण वापरतो.

बाळंतिणीला आणि बाळाला तर घरगुती काही देऊच नका. हौशी साबणाचा पीएच ९-१० असतो, त्यात नाव न लिहिलेली सुगंधी तेलं. तान्ह्याच्या कातडीला ते नको.

वृद्धाश्रमात विचारून द्या, पण बिनवासाची आणि हातात मावेल अशी वडी. ओल्या मोरीत साबण हातातून निसटला की म्हातारी माणसं तो उचलायला वाकतात. खुब्याचं हाड मोडून आलेली कितीतरी माणसं मोरीतच पडलेली असतात. वडीला दोरी ओवून द्या, खिळ्याला अडकवता येते. माझ्या सासूबाईंना मी तसंच करून दिलंय.

कृष्णाकाठ_सांगली

महापुराचा अनुभव सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माणसं. पाणी उतरल्यावर राज्यभरातून ट्रक आले. जुन्या कपड्यांचे डोंगर झाले, पायऱ्यांवर, शाळेच्या वऱ्हांड्यात, रस्त्याकडेला. फाटक्या साड्या, एका पायाची पायमोजी. ते हटवायला परत वेगळी माणसं लावावी लागली.

आणि आम्हाला काय हवं होतं? खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, पाण्यात टाकायच्या गोळ्या, नवी आतली कपडी, आणि कपडे धुवायचा साबण. घरातल्या प्रत्येक कापडात गाळ. तो गाळ साध्या पाण्यानं निघत नाही, वासही जात नाही. अंगाच्या साबणाच्या बारक्या वड्या खोकेच्या खोके आल्या. कपड्याचा साबण मात्र एका संस्थेनं आणला तेव्हा त्यांच्या टेंपोमागं बायका पळत गेल्या.

वसतिगृहातला

मी साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलो. कर्मवीर अण्णांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या बोर्डिंगाचा वारसा सांगणाऱ्या गावात वसतिगृहांना काय लागतं हे विचारायला लांब जायला नको.

आमच्याकडे साबण ट्रंकेत कुलपात असायचा. नवी वडी आली की शिवणाच्या दोऱ्यानं दोन तुकडे करायचे, एक वापरायला, एक ट्रंकेत. संपत आलेल्या चिपट्या ओल्या करून एकमेकींवर दाबायच्या, त्यांचा एक रंगीबेरंगी गोळा व्हायचा, तो रविवारी कपड्यांना. शेजाऱ्यानं चुकून तुमचा साबण वापरला तर भांडण ठरलेलं. पण भांडण अंगाच्या साबणावरून कमी व्हायचं, निळ्या वडीवरून जास्त. पांढरा शर्ट शाळेत रोज पांढरा दिसला पाहिजे, आणि शर्ट दोनच.

बाई_कराडच्या

वरचे दोन प्रतिसाद वाचून लिहितेय.

मी हंगामात साखरशाळेत, म्हणजे ऊसतोडणीवाल्यांच्या मुलांच्या शाळेत, शिकवते. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या माळावर कोप्या (झोपड्या) पडतात. पहाटे तीन-चारला नवरा-बायको फडात, नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उसाच्या पाचटाची कुसं हातात, मानेवर, कपड्यांत. उसाचा रस उडून, त्यावर धूळ बसून कापडाला काळा चिकटा धरतो. तो चिकटा नुसत्या पाण्यानं जात नाही. बाई फडावरून आली की स्वयंपाक, मग अंधारात कपडे. मुलं शाळेत यायला लाजतात त्याचं एक कारण अंगावरचं कापड, हे मी डोळ्यांनी बघते.

मागे आम्ही काही शिक्षिकांनी कोप्यांवर जाऊन बायकांना सरळ विचारलं, काय आणू? आम्हाला वाटलं अंगाचा साबण, खाऊ, वह्या. एक म्हणाली, "अंगाला दहाची वडी पुरती म्हैनाभर. कापडाला किती लागतंय ते बघा की बाई." दुसरीनं हातच पुढं केले, चिरा पडलेले, आणि म्हणाली धुताना आग होती, मऊ काही असलं तर द्या.

मंजूताई, तुमच्याकडे तेल आहे, सोडा आहे, हात बसलेला आहे. कपड्याचा साबण करता येईल का?

दक्षिण_तांबवे

मला हे पटलेलं नाही. आपल्याला हळद, चंदन, मुलतानी माती आणि ऊसतोडणीवालीला कपड्याचा साबण? त्यांना कधी चांगला वास घ्यावासा वाटत नसेल का? दान देताना आपण हात आखडता घेतो आणि त्याला 'गरज' नाव देतो.

बाई_कराडच्या

दक्षिण_तांबवे, मुद्दा खरा आहे आणि मला टोचलाही. पण मी त्यांना विचारलं आणि त्यांनी हे मागितलं. त्यांनी चंदन मागितलं असतं तर मी चंदनासाठी इथं आले असते. जी मागणी आपल्याला साधी वाटते ती आपण सुधारायला जायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. संक्रांतीला प्रत्येकीला एक वासाची वडी वाणात द्या की, कोण अडवतंय. सहा वड्या कपड्याच्या आणि एक वाणाची.

कायद्याचं_बोला

एक सोय लक्षात आली. कपड्याचा साबण अंगाला लावायचा नसतो, त्यामुळे तो सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत बसत नाही. माझा वरचा आक्षेप तिथं लागू होत नाही. मात्र वडीवर 'कपड्यांसाठी' असं ठळक लिहा, कशापासून केला तेही लिहा.

(वाणाच्या वडीबद्दल मी काही वाचलेलं नाही.)

रसायनवाला

आता मजा येणार.

कपड्यासाठी घाण्याचं शेंगदाणा तेल वाया घालवू नका. तळणीचं वापरलेलं तेल चालतं. वडापाव, भजी, फरसाणवाले बहुतेक पामोलिन वापरतात. ते थंड झाल्यावर दुहेरी फडक्यातून गाळा, तळाचा गाळ टाकून द्या. ८०० ग्रॅम हे तेल, २०० ग्रॅम खोबरेल, १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा, २९० ग्रॅम पाणी. खोबरेल फेसासाठी, त्याच्याशिवाय वडी धड फेसाळत नाही. तळणीचा वास थोडा राहील, वाळल्यावर बराच जातो. १४० मध्ये थोडं तेल मोकळं राहतं ते मुद्दाम ठेवलंय, कारण चिरा पडलेल्या हातांबद्दल वर वाचलं. दुकानातल्या कपड्याच्या वडीत धुण्याचा सोडा असतो, तुम्ही तो साबणात घालू नका, आग त्याचीच होते. विहिरीचं पाणी जड असेल तर साबणाची पांढरी साय तयार होते आणि फेस येत नाही. तिथं कपडे भिजवायच्या बादलीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून काठीनं ढवळायचं, हात मग घालायचे ते साबण लावताना.

नवख्यांसाठी: कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. पातेलं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियम सोडा खातो आणि हायड्रोजन सुटतो. चष्मा, हातमोजे, आणि घरात बारकी पोरं असतील तर दार बंद. हातावर उडालं तर धारेखाली भरपूर पाणी, व्हिनेगर शोधत बसू नका.

चार ते सहा आठवडे वाळवायचं. गाळप हंगाम दिवाळीला धरलात तर घाणे आत्ताच घालायला हवेत.

मंजू_शाहूपुरी

आमच्या ग्रुपवर हा सगळा धागा वाचून दाखवला. दोघींनी नाक मुरडलं, तळणीच्या तेलाला हात लावणार नाही म्हणाल्या. त्या दोघी लेबलं करणार. बाकी आम्ही तयार आहोत.

ठरलं ते असं. हळदीच्या वड्या घरीच वापरून संपवायच्या. बिनवासाच्या ज्या ठिपके न आलेल्या आहेत त्यांना दोऱ्या ओवून ठेवतेय, सिस्टरांनी सांगितलेलं ओळखीच्या वृद्धाश्रमात दाखवते. घेतले तर घेतले. ध्वजदिनाला भिशीचा एक हप्ता सैनिक कल्याण कार्यालयात भरणार, काकांनी सांगितल्याप्रमाणे पावती घेऊन. आणि कपड्याचा साबण बाईंच्या साखरशाळेसाठी.

बाई, एका कोपीला किती वड्या लागतील?

बाई_कराडच्या

कोपीच्या हिशोबानं नको, कोयत्याच्या हिशोबानं धरा. एका कोपीत कधी दोन कोयते असतात. वाटप मुकादमाच्या हाती देऊ नका, बायकांच्या हातात द्या. आणि गुरुवारी या, त्या भागात बाजार असतो, बायका लवकर येतात.

निवृत्त_सुभेदार

कराडला न्यायला माझी गाडी आहे. डिझेल माझं. वड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या लावा, आडव्या लावल्या की चिकटतात.

माणदेशी_गडी

पोवई नाक्याकडं आमच्या मामाचा वडापावचा गाडा आहे. मामा रोजचं उरलेलं तेल द्यायला तयार आहेत. पण म्हणतात, डबा तुमचा, आणि रात्री दहानंतर या.

रसायनवाला

डबा झाकणाचा आणा. आणि मामांना विचारा, मिरच्या त्याच तेलात तळतात का?